देहाचा किल्ला व त्यातील धातू

धातू म्हटले की सोनाराची पेटी, तांबटाची आळी किंवा लोहाराचा भाता आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. सोनारी गावाच्या तर नावातच सोन्याचा ध्वनी आहे. आणि चैत्रात काळभैरवनाथाच्या यात्रेस जो समुदाय लोटतो, त्यात कोणाच्या मनगटी कडे, कोणाच्या हाती तांब्या, असा कोणता ना कोणता धातू असावयाचाच. परंतु अंगावर मिरविण्याच्या धातूंहून अंगात नांदणारे धातू कितीतरी मोलाचे आहेत, आणि रोगजंतूंशी चालणाऱ्या आपल्या नित्याच्या झुंजीत ते मोठी कामगिरी बजावितात, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. तो न झाल्यामुळे दोन उलट समजुती बळावल्या आहेत. काही पालक शाळेत मिळणारी लोहाची गोळी मुलांस घेऊ देत नाहीत; तर काही जण तांबे, लोह, जस्त ही जितकी पोटात जातील तितकी बरी, असे समजून मिळेल ते चूर्ण व भस्म घेतात. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत. ते का, हे सांगण्याकरिता हा लेख आहे.

प्रथम या धातूंचे प्रमाण पाहू. प्रौढ मनुष्याच्या शरीरात लोह अवघे ३ ते ४ ग्रॅम असते. जस्त सुमारे २ ग्रॅम, तांबे १०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मँगनीज त्याहूनही थोडे. एवढ्याशा ठेव्यावर देहाचा संसार चालतो. लोहावाचून रक्तास तांबडेपणा नाही आणि श्वासातील प्राणवायू पायाच्या बोटापर्यंत पोहोचावयाचा नाही. जस्तावाचून वाढ नीट होत नाही व जखम लवकर भरून येत नाही. तांब्यावाचून लोहाचाही नीट उपयोग होत नाही. परंतु यात एक अडचण आहे. जे आपणांस हवे, तेच रोगजंतूंसही हवे असते. बहुतेक सर्व सूक्ष्मजंतूंस वाढीकरिता लोह लागते, जस्त लागते, मँगनीज लागते. आपल्या रक्तात शिरलेला जंतू ही द्रव्ये बरोबर घेऊन येत नाही. ती त्यास आपल्याच कोठारातून लुटावी लागतात.

येथे आपल्या परिसराचा इतिहास आठवतो. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि मलिक अंबरासारखा कर्ता पुरुष तिचा आधार होता. मोगलांचे सैन्य मोठे, तोफखाना मोठा. त्यांच्याशी उघड्या मैदानात सामना न देता त्यांची रसद तोडावयाची, दाणावैरण मिळू द्यावयाची नाही, ही अंबराची युक्ती प्रसिद्धच आहे. मोठी सेनाही उपाशी पोटी लढू शकत नाही. आपले शरीर रोगजंतूंशी हीच युक्ती योजिते. युजीन वाइनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७५ साली या युक्तीस जे नाव दिले, त्याचा भावार्थ ‘अन्न तोडून साधलेली प्रतिकारशक्ती’ असा आहे. परंतु शरीरास ती विद्या त्यापूर्वी लक्षावधी वर्षे अवगत होती.

ही रसद कशी तोडली जाते, ते पाहा. आपल्या रक्तात लोह कधी मोकळे हिंडत नाही. ट्रान्सफेरिन नावाचे एक प्रथिन त्यास घट्ट धरून ठेविते, आणि ज्या पेशीस ते हवे असेल तिच्याच दारी नेऊन पोहोचविते. या शोधाची हकीकत मनोरंजक आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकात जंतू सहसा वाढत नाहीत, असे का, याचा शोध शाडे व कॅरोलाइन या दोघा संशोधकांनी घेतला. १९४४ साली त्यांनी असे दाखविले की, त्या बलकातील एक द्रव्य लोह धरून ठेविते, म्हणून जंतू उपाशी राहतात. त्यात वरून लोह घातले की जंतू पुन्हा जोमाने वाढू लागतात. पुढे १९४६ साली मनुष्याच्या रक्तातही तशाच गुणाचे द्रव्य असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. आईच्या दुधात, अश्रूंत व लाळेत लॅक्टोफेरिन नावाचे याच कुळातील दुसरे प्रथिन असते, आणि बाळंतपणानंतर प्रथम येणाऱ्या पिवळसर दुधात ते सर्वांत अधिक असते. तो चीक ‘जड पडेल’ म्हणून काढून टाकण्याची चाल ज्या घरी अजून असेल, तेथे बाळाच्या पहिल्या पहारेकऱ्यासच घराबाहेर काढिले जाते, असे आम्ही म्हणतो.

ताप आला म्हणजे शरीर आणखी एक पाऊल पुढे टाकिते. यकृतातून हेप्सिडिन नावाचे एक द्रव्य रक्तात सुटते. त्याच्या हुकुमासरशी आतड्यातून लोह आत येण्याची वाट बंद होते, आणि ज्या पेशींत लोहाचा साठा आहे त्यांची दारेही मिटतात. काही तासांतच रक्तातील लोह उतरते. पू साचतो तेथेही हाच प्रकार चालतो. आपल्या पांढऱ्या पेशी तेथे हजारोंनी मरून पडतात. पण मरतानाही त्या कॅल्प्रोटेक्टिन नावाचे प्रथिन मागे ठेवून जातात, आणि ते आसपासचे जस्त व मँगनीज धरून ठेविते. सैनिक पडला, पण कोठाराची किल्ली शत्रूच्या हाती दिली नाही, अशातला हा प्रकार आहे.

तथापि उपाशी ठेवणे हा युद्धाचा एकच भाग झाला. दुसरा भाग याच्या अगदी उलट आहे. शरीरात भक्षक पेशी आहेत. त्या जंतूस गिळून आपल्या पोटातील एका लहानशा पिशवीत कोंडतात. त्या पिशवीतून लोह व मँगनीज बाहेर उपसून काढिले जाते, आणि त्याच वेळी तीत तांबे व जस्त इतके भरले जाते की, ते जंतूस विषासारखे बाधते. क्षयाच्या जंतूंविरुद्धही आपल्या पेशी हे शस्त्र वापरितात. जो धातू थोडा असता अन्न, तोच अधिक झाला की विष! परांड्याच्या किल्ल्यावर एके काळी मलिक-ए-मैदान ही मिश्रधातूची प्रचंड तोफ होती. ती १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली आणि १६३२ साली विजापुरास नेण्यात आली. ज्या मिश्रधातूची घंटा होते, त्याचीच ही तोफ झाली. धातू कोठे, किती व कोणत्या वेळी योजावयाचा, यावर सर्व अवलंबून आहे. आमच्या प्रतिपादनाचे सार या एका वाक्यात आले.

शत्रूही स्वस्थ बसत नाही, हे सांगावयास पाहिजे. अनेक जंतू लोह चोरण्याकरिता साइडरोफोर नावाचे सूक्ष्म आकडे बाहेर सोडितात. हे आकडे ट्रान्सफेरिनच्या मुठीतून लोह ओढून घेतात व जंतूकडे परत जातात. १८९६ साली मुंबईत ज्या प्लेगने हाहाकार उडविला, आणि किल्लारीच्या भूकंपास वर्ष होते न होते तोच १९९४ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी ज्याची लागण दिसून आली, त्या प्लेगचा जंतू या चोरीत फार निष्णात आहे. ही कला काढून घेतली तर तो किती दुबळा होतो, आणि लोह आयते मिळाले तर किती माजतो, याचा दाखला २००९ साली अमेरिकेतील शिकागो येथे मिळाला. तेथील एक संशोधक प्लेगच्या एका दुबळ्या केलेल्या वाणावर काम करीत होता. त्या वाणास लोह नीट मिळविता येत नसे, म्हणून तो निरुपद्रवी समजला जाई. तरीही त्याच जंतूने त्या संशोधकाचा प्राण गेला. मरणोत्तर तपासणीत असे आढळले की, त्यास शरीरात लोह साचत जाण्याचा जन्मजात विकार होता. जंतूची चोरीची कला गेली होती. पण घराचे दारच उघडे असल्यावर चोरास कलेची गरज काय?

याहूनही जवळचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीच्या रोगाने कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे जबडे कापून काढावे लागले, कित्येक दगावले. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांस हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करण्यास कळविले. आणि तो १८९७ चा कायदा मुंबईच्या प्लेगच्याच वेळी झालेला आहे. ही बुरशी हवेत व मातीत सर्वत्र असते; निरोगी माणसास ती सहसा काही करू शकत नाही. परंतु मधुमेह हाताबाहेर गेला व रक्तात आम्लता वाढली की ट्रान्सफेरिनची मूठ सैल पडते, लोह मोकळे होते, आणि या बुरशीस मेजवानी मिळते. करोनाकरिता दिलेल्या स्टेरॉइड औषधांनी पुष्कळांची रक्तशर्करा चढली होती. एकीकडे प्रतिकारशक्ती दबली होती, दुसरीकडे कोठार उघडे पडले होते.

हे सर्व वाचून एखादा चतुर विद्यार्थी विचारील, ‘लोहावर जर जंतू पोसतात, तर अंगात लोह कमी असलेलेच बरे नव्हे काय? मग शाळेतील गोळी कशाकरिता घ्यावयाची?’ प्रश्न चांगला आहे, आणि त्यास सरळ उत्तर दिले पाहिजे. कोठारास कुलूप लावणे निराळे, आणि कोठारच रिकामे असणे निराळे. कुलूप लावलेल्या कोठारातून किल्लेदार आपल्या शिबंदीस दाणा देतो. रिकाम्या कोठारापुढे शत्रूआधी आपलीच शिबंदी उपाशी मरते. आपल्या पांढऱ्या पेशींनाही वाढण्याकरिता व लढण्याकरिता लोह व जस्त लागतेच.

जस्ताविषयीचा शोध तर एका भारतीय वैद्याच्या नावावर आहे. बिहारात जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद इराणात शिराझ येथे काम करीत असता त्यांना खुंटलेल्या वाढीचे तरुण आढळले. त्यांचे अन्न मुख्यतः न आंबविलेली पोळी हे होते. ही हकीकत १९६१ साली प्रसिद्ध झाली, आणि जस्ताच्या अभावाने माणसाची वाढ खुंटते व प्रतिकारशक्ती खालावते, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. त्याचे फळ आज प्रत्येक आरोग्यकेंद्रात मिळते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली अशी शिफारस केली की, जुलाब होणाऱ्या बालकास जलसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस जस्त द्यावे. सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानास १० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या फेकून देऊ नयेत. जुलाबांत गेलेले जस्त भरून निघाले म्हणजे पुढील काही महिने पुन्हा जुलाब होण्याचा संभव कमी होतो.

आता लोहाच्या गोळीकडे वळू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत शेकडा ५४, आणि पाच वर्षांखालील मुलांत शेकडा ६८ हून अधिक जणांस रक्तक्षय आढळला. म्हणजे ज्या घरी हा अंक वाचला जाईल, त्या घरी बहुधा एक तरी जीव असा आहे की, जो दमतो, ज्यास चक्कर येते, ज्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि घरच्यांस तो केवळ आळस वाटतो. २०१८ पासून चालू असलेल्या ॲनिमियामुक्त भारत या योजनेत लहान मुलांस गुलाबी व मोठ्या मुलामुलींस निळी गोळी आठवड्यातून एकदा देतात. तिने मळमळते, शौच काळे होते, म्हणून काही मुले ती गुपचूप खिडकीबाहेर टाकितात. पोटभर जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ बहुधा होत नाही. आणि शौच काळे होणे हा लोहाचा स्वाभाविक परिणाम आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. मुलींच्या बाबतीत तर ही हेळसांड आम्हांस विशेष खेदाची वाटते. दर महिन्यास ज्यांचे रक्त जाते, आणि घरी ज्यांच्या पानात भाजी शेवटी पडते, त्यांच्या वाट्याची ही गोळी फुकट दवडणे म्हणजे उद्याच्या आईचे कोठार आज रिकामे करणे होय.

तथापि सावधगिरीचा एक शब्दही सांगितलाच पाहिजे. आफ्रिकेजवळील झांजीबारच्या पेंबा बेटावर हिवताप फार. तेथे लहान बालकांस सरसकट रोज लोह व फॉलिक ॲसिड देऊन पाहिले, तेव्हा आजार व मृत्यू कमी न होता वाढले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्याच पाहणीच्या एका भागात असेही दिसले की, ज्या बालकांस लोहाची खरोखर उणीव होती, त्यांना ते हितकर झाले. यावरून लोह वाईट असे ठरत नाही. ज्यास उणीव आहे त्यास ते द्यावे, आणि हिवतापाच्या प्रदेशात हिवतापाचा बंदोबस्त करून द्यावे, असे ठरते. म्हणूनच आपल्याकडील योजनेतही ताप, जुलाब, न्यूमोनिया असा तीव्र आजार असता गोळी थांबवावी, आणि थॅलेसेमियासारख्या विकारात ज्यांस वारंवार रक्त द्यावे लागते त्यांस ती देऊ नये, असे सांगितले आहे. यास्तव विद्यार्थ्यांनो, ताप असेल त्या दिवशी गुरुजींस तसे सांगा. आणि ताप उतरून बरे वाटू लागले की गोळी चुकवू नका. जंताची गोळीही याच कामातील सोबती आहे. अंकुशकृमी आतड्यास चिकटून रक्त पितात. कोठारास असे भोक असता वरून किती धान्य ओतले तरी ते टिकावे कसे?

तांब्याच्या भांड्यांविषयी आपल्या लोकांचा आदर मोठा आहे, आणि तो अगदी निराधार नाही. बंगळूर येथील संशोधकांनी २०१२ साली असे प्रसिद्ध केले की, जुलाबाचे जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेविले असता ते जंतू मेले, आणि पाण्यात उतरलेले तांबे धोक्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहिले. परंतु ही गोष्ट पाण्याची. ताक, चिंच, लिंबू असे आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात कळकतात, हे आपल्या आजीबाई जाणून होत्या, म्हणून तर कल्हईवाल्याची हाक कानी येताच घरोघरची पातेली बाहेर निघत. दुधाची गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्या देशात लहान मुलांस यकृताचा एक दुर्धर रोग होत असे, आणि त्यांच्या यकृतात तांबे अतोनात साचलेले आढळे. पुण्यातील वैद्यांनी इंग्लंडातील सहकाऱ्यांसह तपास केला, तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेले व ठेविलेले दूध फार लहान वयात पाजणे हे त्याचे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. १९८३ साली ही गोष्ट जगापुढे मांडण्यात आली. तशी भांडी दुधाकरिता वापरणे सुटत गेले, आणि तो रोग आता विरळा झाला आहे. जो तांबे जंतूस मारितो, तोच बाळाच्या कोवळ्या यकृतासही सोडीत नाही. मग कोणाच्याही सांगण्यावरून धातूंची भस्मे व चूर्णे पोटात घेणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार वाचकांनीच करावा.

उलटपक्षी, आपल्या जेवणात जे आहे त्याची थोरवी आपण विसरत चाललो आहो. ज्वारी, बाजरी व डाळींत लोह व जस्त आहेच. परंतु त्यांतील फायटेट नावाचे द्रव्य ते अडवून धरिते. धान्य आंबविले, कडधान्यास मोड आणिले, की ही अडवणूक कमी होते. आपल्या धाराशिव व लातूर भागात वेळ अमावास्येस शेतात जी आंबील नेतात ती ज्वारीच्या पिठाची व आंबविलेली असते, आणि ती मातीच्या मडक्यात असते, हेही ध्यानी घ्यावे. तिच्याबरोबर कडधान्यांची व पालेभाज्यांची भज्जी असते. जे वर्षातून एक दिवस हौसेने करितो, ते महिन्यातून चार वेळा करावयास काय हरकत आहे? मटकीची उसळ, वर लिंबाची फोड, लोखंडी कढईत परतलेली भाजी, आणि जेवणावर लगेच चहा न पिण्याचा नियम, एवढ्याने गरिबाच्या घरीही पुष्कळ साधते.

शेवटी पालकांस आमची एवढीच विनंती आहे. धातूस देव मानू नका आणि त्याचे भयही बाळगू नका. उणीव असेल तर ती वैद्याकडून तपासून घ्या, आणि शाळेने दिलेली गोळी मुलाने, विशेषतः मुलीने, खरोखर घेतली की नाही, हे संध्याकाळी प्रेमाने विचारा. मुलांनो, तुमच्या अंगातील लोह एखाद्या लहानशा खिळ्याहून अधिक भरावयाचे नाही; परंतु त्याचा हिशेब तुमचा देह रात्रंदिवस चोख ठेवीत असतो. त्या कारभाऱ्यास वेळेवर अन्न, स्वच्छता व थोडा समंजसपणा यांची साथ द्या. पुढची लढाई कशी करावयाची, हे तो तुमच्या-आमच्याहून अधिक जाणतो.